मदत हवी आहे: लँडफिलच्या (कचरा पुरण्याच्या) जागेवर भूजलाची खरी उच्चतम पातळी कोणती धरायची?

इंदूरबाहेर प्रस्तावित लँडफिलच्या जागेची माती-पाणी तपासणी करतोय. वर अडीच मीटर काळी माती, मग मुरूम, त्याखाली झिजलेला, भेगाळ बेसाल्ट आणि 9 मीटरनंतर कठीण खडक. मे महिन्यात 15 मीटरचे पाच बोअर घेतले, पाणी 11 मीटरवर लागलं.

खड्डा 4 मीटर खोल जाणार, त्याखाली 90 सेंमी चिकणमातीचा थर. 2016 च्या घनकचरा नियमांत त्या थराच्या तळापासून पाण्याची उच्चतम पातळी किमान 2 मीटर खाली हवी अशी अट होती; तीच धरली तर जमिनीपासून साधारण 6.9 मीटर. मेच्या आकड्यावर जागा सहज बसते.

पण 250 मीटरवरच्या विहिरीत उतरून पाहिलं, तर दगडी बांधकामावर पांढरट क्षारांची रेघ जमिनीपासून जेमतेम 3 मीटरवर आहे. मालक काका म्हणतात, भादव्यात पाणी तिथवर येतंच. त्याच विहिरीचं पाणी चार घरं पितात, त्यामुळे हे मला अंदाजावर सोडायचं नाही.

वरच्या थराची पाझर चाचणी झाली आहे. खडकात पॅकर चाचणी (बोअरचा ठरावीक भाग बंद करून, दाबाने पाणी सोडून खडकाची पाझर मोजणं) बाकी आहे. आमच्याकडे फक्त डीटीएच मशीन (खडकाचा चुरा करत बोअर घेणारं) आहे, अखंड गाभा म्हणजे खडकाचा सलग नमुना मिळत नाही. अहवाल पावसाळ्यानंतर द्यायचा आहे, म्हणून पूर्ण हंगामाच्या नोंदी घेता येतील.

विहिरीतलं पाणी मुरूम-भेगाळ थरात अडकलेलं वेगळं, की बोअरमधल्याशी जोडलेलं, हे ठरवायला एकाच जागी दोन खोलींवर पिझोमीटर (त्या-त्या खोलीवरची पाणीपातळी मोजायच्या नळ्या) बसवले तर पाणी आत येणारा जाळीचा भाग नेमका कुठून कुठवर ठेवू, आणि मधला भाग बेंटोनाइटने (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीने) किती जाडीचा बंद करू?