लेकीचं ओहायोत पहिलं मत, गव्हर्नर निवडायचा आहे. नेमकं बघायचं काय?

खामल्याचे_काका
नमस्कार मंडळी. मुलगी-जावई अमेरिकेत, ओहायो राज्यात कोलंबसजवळ राहतात. मुलीला यंदा अमेरिकन नागरिकत्व मिळालं, त्यामुळे येत्या 3 नोव्हेंबरला ती पहिल्यांदा गव्हर्नर पदासाठी मत देणार. इकडे आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये निकालही लागून गेला. रिपब्लिकन उमेदवार विवेक रामस्वामी म्हणजे आपला माणूस, विषय संपला! मी म्हटलं, बाप्पा, त्याचे आईवडील केरळातले, पालक्काडचे, तो स्वतः सिनसिनाटीत जन्मलेला. आपल्या नागपुरातल्या खामल्याचा कधी झाला तो? पण ऐकतो कोण. जोशीबुवा तर जिलबी वाटायच्या बेतात आहेत.

मुलगी वेगळंच बोलून राहिली. म्हणते, "बाबा, मी आडनाव नाही, घराचा टॅक्स बघणार." तिच्या घरपट्टीचा आकडा ऐकला आणि मी दोनदा विचारलं, महिन्याचा की वर्षाचा.

आता माझा प्रश्न. मी आयुष्यभर सरकारी नोकरीत लेखा शाखेत काढली. राज्यपाल म्हणजे माझ्यासाठी फायलीवर लावलेलं एक परिपत्रक. निधीवाटपाबाबत मा. राज्यपालांचे निर्देश, सोबत जिल्हानिहाय अनुशेषाचा तक्ता, अमरावती विभागाचा रकाना सगळ्यात फुगलेला. त्या माणसाला कुणी मत देतं, तो घराच्या टॅक्सवर भांडतो, हे डोक्यात बसत नाही. तिथला गव्हर्नर नक्की करतो काय? आणि आपला आपण का निवडत नाही?

धरमपेठ_ते_डब्लिन
काका, मी तुमच्या लेकीच्याच भागात, कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये आहे, बरीच वर्षं झाली. नागपुरातलं, सदर भागातलं राजभवन डोक्यातून काढा आणि मुख्यमंत्री डोळ्यासमोर आणा. फक्त असा मुख्यमंत्री, ज्याला सभागृहात बहुमत लागत नाही. आमदार फुटले, गुवाहाटीला गेले, तरी याची खुर्ची हलत नाही. राष्ट्राध्यक्षालाही त्याला काढता येत नाही.

ताकद कुठे असते ते बजेटला दिसतं. इथलं बजेट दोन वर्षांचं. 2025 च्या जूनअखेर गव्हर्नर माइक डिवाइन यांनी त्यावर सही केली, पण सही करताना 67 तरतुदी कापल्या. बजेट मंजूर, त्यातल्या या या ओळी नामंजूर! मालमत्ता कराबद्दलच्याही काही त्यात होत्या. आणि गंमत म्हणजे विधिमंडळात बहुमत त्यांच्याच पक्षाचं. नकार उलटवायला दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं लागतात. म्हणून लेक म्हणते ते बरोबर आहे. इथे मालमत्ता कराचा मोठा हिस्सा शाळांना जातो. घरांच्या किमती वाढल्या तसा कर वाढला. हा करच रद्द करा म्हणून घटनादुरुस्तीसाठी सह्या गोळा करणारेही निघाले. रामस्वामी कर कमी करण्याचं बोलतात. तिने विचारायचं ते एवढंच, की मग शाळेचा पैसा कुठून आणणार? समोर डेमोक्रॅटिक पक्षाच्या डॉ. एमी ॲक्टन. त्या 2020 मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, राज्याच्या आरोग्य संचालक होत्या, रोज टीव्हीवर दिसायच्या. त्यावरून त्यांना मानणारेही खूप आणि शिव्या देणारेही. त्यांनाही हाच प्रश्न विचारावा.

डिवाइन यांच्या सलग दोन टर्म झाल्या, त्यामुळे ते उभे राहू शकत नाहीत. जे. डी. व्हान्स उपराष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांची सिनेटची रिकामी जागा यांनीच भरली, आपल्याच उपगव्हर्नरला पाठवून. मग उपगव्हर्नर म्हणून आणला कोण? ओहायो स्टेट विद्यापीठाचा जुना फुटबॉल कोच! इथे त्या माणसाला देवासारखं मानतात, त्यामुळे मंजुरी सहज मिळाली.

आणि हो, उपगव्हर्नर जोडीनेच निवडला जातो, पण ॲटर्नी जनरल, ऑडिटर, खजिनदार यांची मतं वेगळी. मुख्यमंत्री एका पक्षाचा आणि तिजोरी दुसऱ्याकडे, असंही होऊ शकतं.

ऑरेंज_सिटीवाला
काका, जिलबी थांबवू नका, उमेदवार कोणताही असो 😄 बाकी "आपला माणूस" म्हणाल तर बॉबी जिंदल 2008 मध्येच लुइझियानाचे गव्हर्नर झाले, निक्की हेली 2011 मध्ये साउथ कॅरोलिनाच्या. त्याने आपल्या गल्लीतला खड्डा बुजला का बे?

निवृत्त_मास्तर
काकांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आपणही निवडणारच होतो. 1947 साली सरदार पटेलांच्या समितीने प्रौढ मताधिकाराने राज्यपाल निवडावा अशीच शिफारस केली होती. पुढे घटना समितीत 1949 च्या मे अखेरीस ते बदललं. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री समोरासमोर आले तर ऐकायचं कोणाचं, ही भीती होती. मला ती भीती खोटी वाटत नाही. पण मग जो नेमला, त्याची मर्जी दिल्लीची. 23 नोव्हेंबर 2019 चा पहाटेचा शपथविधी आठवा.

विदर्भाचा मामला त्याहून अवघड आहे. कलम 371(2) प्रमाणे विदर्भ आणि मराठवाड्याला निधीचं न्याय्य वाटप व्हावं ही विशेष जबाबदारी थेट राज्यपालांवर टाकता येते. त्यावरच 1994 मध्ये विकास मंडळं आली. काका ज्या तक्त्याबद्दल बोलतात तो त्याच्याच पोटातला. 30 एप्रिल 2020 ला मंडळांची मुदत संपली, मुदतवाढ मिळाली नाही. ओहायोच्या माणसाला शाळेचा पैसा कापला तर पुढच्या निवडणुकीत लोक भेटतात. आपल्या राज्यपालाला अकोल्यात किंवा वाशीममध्ये कुणाचं मत मागायला जायचं नसतं. मी निवडणुकीच्या बाजूचा नाही, पण ही जबाबदारी तरी विधानसभेला उत्तर देणाऱ्या माणसाकडे हवी होती.

खामल्याचे_काका
मास्तर, त्या तक्त्यावर मी स्वतः बेरजा मारल्यात. पण तो पाठवायचा कुणाकडे आणि विचारायचं कुणाला, हे आमच्या साहेबांनाही सांगता येत नसे. डब्लिनवाले, शाळेच्या पैशाचा प्रश्न लेकीला पाठवला. तिचं म्हणणं, मतदानाला जाताना ड्रायव्हिंग लायसन्स पुरेल ना?

धरमपेठ_ते_डब्लिन
थांबा, लायसन्स नागरिकत्वाच्या आधीचं आहे का? 2023 पासून इथे नागरिक नसलेल्यांच्या लायसन्सवर तसं छापतात. ते दाखवलं तर मतदान केंद्रावर अडकेल. नवं करून घ्यावं, नाहीतर अमेरिकन पासपोर्ट न्यावा. आणि मतदार नोंदणी मतदानाच्या 30 दिवस आधी झालेली हवी. ती बाकी असेल तर आधी तेवढं करायला सांगा, उमेदवारांचं नंतर बघू.