पीआयडीपीआय तक्रार: नाव खरंच गुप्त राहतं का?

कोरीफाइल: केंद्र सरकारच्या एका उपक्रमातल्या निविदांची गडबड दक्षता आयोगाला कळवायची आहे. नाव फुटायला नको. निनावी पत्र टाकावं की पोर्टलवर तक्रार करावी?

टाचणी: दोन्ही नको. निनावी पत्र दप्तरजमा होतं आणि पोर्टलवरच्या तक्रारीला नाव गुप्त ठेवण्याचं संरक्षण नाही. २००४ च्या पीआयडीपीआय ठरावाखाली, म्हणजे जनहितासाठी माहिती उघड करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या केंद्र सरकारच्या ठरावाखाली पाठवा. बंद लिफाफा, त्यावर ठळक ‘पीआयडीपीआय’, पत्ता सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली. ती अक्षरं लिहायची राहून गेली तर पत्र साध्या तक्रारींच्या गठ्ठ्यात जातं. आपलं नाव-पत्ता लिफाफ्यावर नाही, आतल्या कागदावर. पत्ता घरचा द्या, कचेरीचा नको, कारण तक्रार तुमचीच का आणि आणखी कुठे पाठवली का, हे विचारणारं पत्र तिथेच येतं. त्याला मुदतीत उत्तर द्यावंच लागतं. पोच मात्र मिळत नाही.

जावक_बारनिशी: नाव फुटतं ते बहुतेकदा मजकुरातून. ‘त्या टिपणीवर मी हरकत घेतली होती’ एवढं वाक्य पुरे. हरकत घेणारा एकच असतो. तिघांकडेच असलेल्या कागदाची झेरॉक्स जोडली तरी तेच. त्यापेक्षा निविदा क्रमांक, तारीख, रक्कम, फाइल क्रमांक लिहा, म्हणजे मूळ फाइल मागवता येते. हेच कागद स्वतःच्या नावाने माहिती अधिकारात मागितले असतील, किंवा मंत्र्यांना प्रत धाडली असेल, तर गुप्तता गेलीच समजा. बढतीचं गाऱ्हाणंही त्यात घुसडू नका.

टाचणी: आणि हो, राज्य सरकारचे कर्मचारी आयोगाच्या कक्षेत येत नाहीत. महाराष्ट्रात त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग किंवा लोकायुक्त.

कोरीफाइल: आकसाने बदली केली तर? तक्रारदारांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा आहे ना?

जावक_बारनिशी: राष्ट्रपतींची सही झाली, पण कायदा अंमलात आलेलाच नाही. आधार ठरावाचाच. सुवर्ण चतुष्कोन महामार्ग प्रकल्पातल्या भ्रष्टाचाराबद्दल तिथले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं होतं, नाव गुप्त ठेवा म्हणून. पत्र नावासकट फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला, आणि मग हा ठराव आला. आयआयटी कानपूर त्यांच्या नावाने पुरस्कार देते, ते योग्यच. पण कायदा बासनात ठेवून सत्कार, हे काही पटत नाही. बदली झाली तर आयोगाकडेच अर्ज करा. सोबत बदलीचा आदेश आणि तक्रारीआधीचे गोपनीय अहवाल (कामाच्या वार्षिक मूल्यमापनाचे) जोडा; तक्रारीनंतर शेरे अचानक बिघडले असतील तर ते तारखांवरूनच दिसतं.