व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया झालाय की नाही, हे ठरवतात कसं?

ओसरी:
माझ्या मामेभावाला (वय ३४) गेल्या आठवड्यात झोपेत मण्यार चावली. खाली अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे पोटात दुखतंय म्हणाला, मग पापण्या उघडेनात. तालुक्याला प्रतिविष दिलं, पण जिल्ह्याला नेईपर्यंत श्वास अडकायला लागला होता. आज व्हेंटिलेटरचा सहावा दिवस.

परवापासून १०१ ताप आहे. पांढऱ्या पेशी १६ हजार. नळीतून निघणारा कफ पिवळा, घट्ट. एक्स-रेत डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढुरकं दिसतंय आणि कफाच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) क्लेबसिएला हा जंतू आलाय. सकाळच्या मॅडम म्हणाल्या, "व्हीएपी, म्हणजे व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया, असू शकतो." संध्याकाळचे सर म्हणाले, "तो भाग कफाने बसला असेल, नुसत्या कल्चरवर कोलिस्टिनसारखं मोठं अँटिबायोटिक नको." रिपोर्टमध्ये जंतूचं नाव छापून आलंय, मग शंका कसली? मामी सारखी मला विचारते. कुणी समजावून सांगेल का?

खारीचावाटा:
वेळ घालवू नका, मोठं अँटिबायोटिक आजच सुरू करायला लावा. आमच्या काकांच्या वेळी असंच थांबले होते.

रातपाळी:
मी आयसीयूत काम करते. पेशंट न बघता निदान सांगणार नाही, पण तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं.

नळी घातल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या आतल्या बाजूला जंतूंचा थर धरतो. सक्शनचा, म्हणजे ओढून काढलेल्या कफाचा, नमुना त्याच नळीतून वर येतो. त्यामुळे कल्चरमध्ये जंतू येणं म्हणजे पायपुसण्यावर चिखल दिसणं. घरात चिखल आलाय का, ते आत जाऊनच बघावं लागतं. म्हणून जंतू किती आहेत तेही बघतात. साध्या सक्शनच्या नमुन्यात मिलीलीटरला साधारण १ लाख आणि दुर्बीण घालून फुप्फुस धुऊन घेतलेल्या नमुन्यात १० हजार, हा उंबरठा धरतात. नुसतं 'क्लेबसिएला आला' एवढ्याने भागत नाही. स्लाइडवर पू-पेशी जवळजवळ नसतील तर न्यूमोनियाची शक्यता बरीच कमी होते.

आता व्याख्या. नळी घालून ४८ तास उलटल्यावर एक्स-रेत नवीन किंवा वाढती सावली, आणि सोबत ताप, पांढऱ्या पेशींतला बदल, पुवाळ कफ यांपैकी किमान दोन. तुमचा भाऊ यात चपखल बसतो. पण हेच सगळं दुसऱ्या कारणांनीही होतं. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, खोकता येत नाही. कफाचा गोळा अडकला की फुप्फुसाचा तेवढा भाग हवेविना बसतो, आणि एक्स-रेत तोही पांढराच दिसतो. शिवाय गिळता येत नसताना, नळी घालण्याआधीच, लाळ फुप्फुसात गेली असेल तर ते प्रकरण निराळं.

फरक कळतो तो छातीची फिजिओथेरपी आणि नीट सक्शन करून पुन्हा एक्स-रे काढल्यावर. बसलेला भाग एका दिवसात उघडू शकतो, न्यूमोनियाची सावली इतक्या लवकर जात नाही. ऑक्सिजन किती लागतोय?

@खारीचावाटा, कोलिस्टिन किडनीला त्रास देतं. न्यूमोनिया नसताना ते देणं फुकटचं नाही.

ओसरी:
४० टक्के. तीन दिवस तेवढाच आहे, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात ठेवलेला मशीनचा दाब) ५. बीपी ठीक. दुर्बिणीने नमुना घ्या म्हणून आग्रह धरू का?

रातपाळी:
आग्रह नको. २००६ साली कॅनडातल्या मोठ्या चाचणीत दोन्ही पद्धती ताडून बघितल्या होत्या. २८ दिवसांतल्या मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. कफाचा बोळा काढायला दुर्बीण लागली तर गोष्ट वेगळी. ऑक्सिजन स्थिर आहे, तर बारीक लक्ष ठेवून थांबणं हा निष्काळजीपणा नव्हे. बीपी घसरला किंवा ऑक्सिजन वाढवावा लागला, तर मात्र रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतील, आणि तेच बरोबर. उद्या एवढंच विचारा: ऑक्सिजन वाढतोय का, एक्स-रे परत कधी, जंतूंचा आकडा किती.

शिदोरी:
नर्स आहे. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे ना, ते भेटीच्या वेळी बघा. फिजिओ, एक्स-रेसाठी खाली केलेली कधीकधी तशीच राहते.

ओसरी:
पलंग वरच आहे. दुपारी फिजिओ झाली, घट्ट कफाचा मोठा बोळा निघाला म्हणे. संध्याकाळच्या एक्स-रेत सावली अर्ध्याने कमी. ताप अजून १००. कल्चर पुन्हा पाठवलंय, या वेळी आकडा मागितलाय. मामीला पायपुसण्याचं सांगितलं, तिला लगेच कळलं. आता दर दोन तासांनी विचारते, "आत गेलाय का चिखल?"