मदत हवी आहे (सप्टेंबर २०२४): जॅक्सनला ठेवू की सोडू? रविवारपर्यंत कळवायचंय

अर्धवटराव_बाल्टिमोर
लोकहो घाईत लिहितोय. ऑफिसच्या बेसबॉल फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या खेळावर आपल्याला पॉइंट) पुढच्या वर्षासाठी कोण ठेवणार ते रविवारी रात्रीपर्यंत सांगायचंय, सीझन संपतोय त्या दिवशी. तीन जण पक्के आहेत, चौथ्या जागेसाठी जॅक्सन का सँटँडर यात अडकलोय. जॅक्सनची मेपासून वाट बघतोय पण आता खरंच डोक्यात जायला लागलाय, बायको स्वयंपाकघरातूनच विचारते गेला का परत. ज्यांना बेसबॉल कळतं त्यांनीच उत्तर द्या, 'त्यापेक्षा क्रिकेट बघा' वगैरे नको प्लीज.

गुगली
कुठला जॅक्सन? यंदा प्रत्येक टीममध्ये एक जॅक्सन आहे.

मिलवॉकीचा_पाहुणा
डोळे झाकून ठेवा!! वीस वर्षांचा पोरगा, सुरुवातीचे दोन महिने लोक त्याला मायनरमध्ये (खालच्या लीगमध्ये) परत पाठवा म्हणून ओरडत होते, आणि आता एका सीझनात २० होमरन आणि बेसच्या २० चोऱ्या करणारा इतिहासातला सगळ्यात लहान खेळाडू. मिलवॉकीच्या ब्रूअर्सनी मेजर लीगची एकही मॅच न खेळलेल्या पोराला ८ वर्षांचे ८२ मिलियन डॉलर दिले ते काय उगाच?

गुगली
अहो पाहुणे, ते चुरिओबद्दल विचारतायत कशावरून? मेरिल पण असू शकतो, सॅन डिएगोचा. तो तर मूळचा बाल्टिमोरकडचाच आहे, धागाकर्त्याचं नाव बघा.

अर्धवटराव_बाल्टिमोर
हॉलिडे हो, आमच्या ओरिओल्सचा!! सोबत ओरिओल्सचाच सँटँडर लिहिलंय, आयडीत बाल्टिमोर आहे, अजून काय सांगायचं. चुरिओ असता तर धागा कशाला काढला असता.

आकडेमोड
हॉलिडे असेल तर सोडा. भावना बाजूला ठेवून बघा. १० एप्रिलला बॉस्टनच्या फेनवेला पहिली मॅच, दहा मॅचमध्ये ३४ पैकी २ हिट, १८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), मग मायनरला नॉरफोकला रवानगी. ३१ जुलैला परत आला, ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारला, सगळे नाचले. त्यानंतर? अ‍ॅव्हरेज अजून दोनशेच्या (हजार वेळांत दोनशे हिट) खाली आणि दर तीन वेळा बॅटिंगला आला की एकदा स्ट्राइकआउट. सँटँडरचे ४० च्या वर होमरन आहेत. यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

मेरीलँडकर
आकडेमोड, तुमचं नेहमीचंच. तो ग्रँड स्लॅम मी स्टेडियममध्ये बसून पाहिलाय. त्याच दिवशी आपल्या वेस्टबर्गच्या हातावर बॉल बसून हाड मोडलं, सगळीकडे सुतकी कळा, आणि हा वीस वर्षांचा पोरगा बेसेस भरलेले असताना आला आणि बॉल पार मैदानामागच्या यूटॉ स्ट्रीटवर. आवाज ऐकला तेव्हाच कळलं होतं. असा आवाज प्रत्येकाच्या बॅटचा येत नाही. आकड्यात आवाज कुठे दिसतो?

आकडेमोड
आवाजाचे पॉइंट मिळतात का लीगमध्ये?

गुगली
रच्याकने, मुख्य गोष्ट कोणीच विचारली नाही. अर्धवटराव, लीग कसली आहे? अ‍ॅव्हरेज धरता का ऑन-बेस (किती वेळा बेसवर पोहोचला)? ठेवायची किंमत काय, म्हणजे पुढच्या ड्राफ्टमधला (खेळाडू निवडीतला) कुठल्या राउंडचा पिक जातो? किती वर्षं ठेवता येतो? हे माहीत नसताना सगळा हवेतला गोळीबार आहे.

शिवाजीपार्क_एंड
मला बेसबॉल कळत नाही पण हा विषय जुना आहे. सचिन पहिल्या वनडेत शून्य, दुसऱ्या वनडेतही शून्य. पहिलं वनडे शतक यायला १९९४ उजाडलं, ७९वी मॅच. तेव्हा तुमच्यासारखे आकडेवाले असते तर घरी बसवला असता.

आकडेमोड
आणि कांबळी? लागोपाठ दोन द्विशतकं, टेस्टमध्ये ५४ चं अ‍ॅव्हरेज, आणि १७ टेस्टमध्ये खेळ खल्लास. सचिन एकच आठवतो कारण तो सचिन झाला.

शिवाजीपार्क_एंड
कांबळीचं काय झालं त्याला कारणं वेगळी आहेत, इथे काढायला लावू नका.

अर्धवटराव_बाल्टिमोर
आलं शेवटी क्रिकेट. मी वर काय लिहिलं होतं??
गुगली, साधी लीग आहे, पॉइंटवाली. स्ट्राइकआउटला मायनस अर्धा.

आकडेमोड
मायनस!!! आणि हे तुम्ही आत्ता सांगताय. मग विषय संपला.

न्यूजर्सी_लोकल
विषय बिलकुल संपला नाही. यांकींचा जज आठवा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला, पहिल्याच अ‍ॅट-बॅटला होमरन, मग ८४ मध्ये ४२ स्ट्राइकआउट, अ‍ॅव्हरेज १७९. आमच्या ट्रेनमधले यांकीवाले म्हणायचे एवढ्या उंच माणसाला खालचा बॉल दिसतच नाही. पुढच्या वर्षी ५२ होमरन आणि रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू). पुढे स्टार झालेल्या ट्राउटने पण २०११ ला ४० मॅचमध्ये २२० च मारले होते.

आकडेमोड
जज २४ चा होता आणि कॉलेज खेळून आलेला. शिवाय यांकींचंच सांगायचं तर शेन स्पेन्सर पण सांगा. १९९८, ६७ अ‍ॅट-बॅटमध्ये १० होमरन, ३७३ चं अ‍ॅव्हरेज. सगळ्यांना वाटलं सापडला हिरा. पुढे काय दिवे लावले? उशिराच्या सीझनमधल्या दोन महिन्यांवरून वरही जाऊ नका आणि खालीही.

न्यूजर्सी_लोकल
अहो मग तुमच्याच न्यायाने हॉलिडेचे दोन वाईट महिने पण मोजायचे नाहीत. दोन्हीकडून कसं बोलता?

मेरीलँडकर
+१. मार्मिक!
आणि आपल्या गनर हेंडरसनला विसरलात सगळे? २०२३ च्या मेच्या मध्यापर्यंत तोही दोनशेच्या खाली होता. याच धाग्यावरची मंडळी त्याला थर्ड बेसवरून हलवा म्हणत होती. वर्षाअखेर एकमताने रूकी ऑफ द इयर. हॉलिडेनं २०२३ मध्ये एका सीझनात डेलमार्वा, अ‍ॅबरडीन, बोवी, नॉरफोक मायनरच्या चारही पायऱ्या चढल्या, वय १९, अ‍ॅव्हरेज ३२३. असा पोरगा विसरतो का बॅटिंग? बाप मॅट हॉलिडे पहिली मॅच खेळला तेव्हा २४ चा होता, २००७ ला बॅटिंग टायटल (लीगमधल्या सगळ्यात चांगल्या सरासरीचा किताब) घेतलं. रक्तात आहे.

आकडेमोड
रक्तात गावस्करांच्या मुलाच्याही होतं. मी त्याला वाईट म्हणतच नाहीये, २०२६ ला तो स्टार असेल कदाचित. प्रश्न पुढच्या वर्षाचा आहे.

ताई_कोलंबियाच्या
ओरिओल्सच्या मैदानाचा, कॅम्डन यार्ड्सचा विषय निघालाच आहे तर सांगते, तिथे बाहेरचं खाणं नेता येतं, पाण्याची सीलबंद प्लॅस्टिक बाटली पण. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेतो, शेजारचे वास घेऊन विचारतात. यूटॉ स्ट्रीटवर जिथे जिथे होमरन पडलाय तिथे जमिनीत पितळी चकत्या बसवल्यात, मुलांना त्या शोधायला फार आवडतं. गेटं उघडली की आधी तिकडे जा, नंतर गर्दीत पायाखाली दिसत नाहीत.

अर्धवटराव_बाल्टिमोर
ताई धन्यवाद पण मी दहा वर्षं इथेच राहतो.

गुगली
किंमत अजून सांगितली नाहीत.

अर्धवटराव_बाल्टिमोर
अरे हो. ज्या राउंडला घेतला तो राउंड जातो. सँटँडर नवव्या राउंडला घेतला होता. हॉलिडेला मे महिन्यात कोणीतरी सोडला तेव्हा मी फुकट उचलला, म्हणजे शेवटचा राउंड जाणार. तीन वर्षं ठेवता येतो.

गुगली
तीन वर्षं!! शेवटच्या राउंडला!! आणि तुम्ही चार दिवस 'ठेवू की सोडू' करताय. आता माझं मत: हॉलिडे. सँटँडर ३० ला टेकलाय, सीझन संपला की फ्री एजंट (करारातून मोकळा), पुढच्या वर्षी कुठल्या मैदानावर खेळेल देवाला माहीत. हे त्याचं सगळ्यात भारी वर्ष आहे, माणूस शिखरावर असताना विकत घ्यायचा नसतो.

आकडेमोड
नवव्या राउंडला ४० होमरन म्हणजे चोरीच आहे. आणि तीन वर्षांपैकी पहिलं वर्ष बेंचवर बसवणार की खेळवून मायनस पॉइंट गोळा करणार? तीन ठेवलेले कोण आहेत तेही यांनी सांगितलेलं नाही. हॉलिडे सेकंड बेसचा, तिथे आधीच कोणी असेल तर सगळं मुसळ केरात.

मेरीलँडकर
सँटँडरवरून गंमत बघा, त्याला ओरिओल्सनी क्लीव्हलँडकडून रूल ५ मध्ये (दुसऱ्या टीमनं राखून न ठेवलेले खेळाडू घ्यायचा ड्राफ्ट) उचलला होता. क्लीव्हलँडला ठेवावासा वाटला नाही. २०१७ ला पहिली मॅच, आणि खरा फुलायला किती वर्षं गेली. म्हणजे तुमचाच सँटँडर सांगतोय की थांबा.

आकडेमोड
किंवा सांगतोय की आठ वर्षं थांबा.

न्यूजर्सी_लोकल
हाहा, हे मात्र भारी.
अर्धवटराव, ट्रेड करा ना, हॉलिडे देऊन कोणाचा तरी वरचा पिक घ्या. नावावर अजून भाव मिळेल, २०२२ च्या खऱ्या ड्राफ्टचा पहिला पिक आहे.

अर्धवटराव_बाल्टिमोर
ट्रेड ऑगस्टमध्येच बंद झाले. सेकंडला कोणी नाही. बाकीचे तीन गनर, बर्न्स आणि बॉबी विट.

गुगली
विट आणि गनर दोघेही शॉर्टस्टॉप, तरी ठीक, एक युटिलिटीला (कोणीही चालेल अशा जागेवर) जाईल. सेकंड रिकामं आहे म्हणजे हॉलिडेच. आकडेमोड आता तरी मान्य करा.

आकडेमोड
मान्य नाही. सेकंडला वेव्हरवर (कोणी न घेतलेल्यांच्या यादीत) कोणीही मिळतो, ४० होमरन वेव्हरवर मिळत नाहीत. मी काल रात्रीपण बघत होतो, वरच्या फास्टबॉलला बॅट अजून उशिरा येते. हिवाळ्यात ते सुधारेलही. ते सुधारेपर्यंतचे मायनस कोण भरणार?

शिवाजीपार्क_एंड
पोरगा डावखुरा आहे का?

मेरीलँडकर
हो. का?

शिवाजीपार्क_एंड
मग ठेवा.

अर्धवटराव_बाल्टिमोर
ठरलं. हॉलिडे. मी सोडला की शेजारच्या क्युबिकलमधला उचलणार, आज लंचला 'सँटँडर सेफ आहे रे' असं तीनदा म्हणाला, एवढं प्रेम त्याला माझ्यावर कधीपासून? तो पुढच्या जुलैत यूटॉ स्ट्रीटवर बॉल टाकणार आणि हा मला वर्षभर व्हिडिओ पाठवणार, ते मला झेपायचं नाही. फॉर्म भरला.

आकडेमोड
म्हणजे एवढी चर्चा करून शेवटी शेजाऱ्यावर ठरवलंत. लिंक सेव्ह करून ठेवतोय, जूनमध्ये भेटू.

ताई_कोलंबियाच्या
परवा न्यूयॉर्कला प्लेऑफ पक्कं केलं ना आपल्या लोकांनी, मग घरच्या मॅचची तिकिटं कधी उघडणार? कोणाला माहीत असेल तर नवा धागा काढा, इथे सापडत नाही नंतर.