सत्तरीत सिगरेट सोडायला लावायची का?

कोथरूडचा जावई: सासरे ७१ वर्षांचे, कॉलेजपासून ओढतात. सकाळी तळजाईला चक्कर, येताना टपरीवर चहा आणि सिगरेट. बायको हात धुवून मागे लागलीय की आता बंद करा म्हणजे करा. माझं मत वेगळं आहे, एवढी वर्षं काही झालं नाही तर आता उतारवयात माणसाचं सुख कशाला काढून घ्यायचं?

खवचट पेठकर: +१. आमच्या कट्ट्यावरच्या एका काकांनी पोरांच्या धाकाने सोडली आणि वर्षभरात गेले! शरीराला सवय असते हो.

निवांत काकू: अहो काका सोडल्यामुळे नाही गेले. या वयात बहुतेक जण धाप लागायला लागली, छातीत दुखलं की मगच सोडतात, म्हणजे आजार आधीच मुरलेला असतो आणि नाव मात्र सोडण्याचं होतं. ब्रिटनमध्ये १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या सवयींवर ५० वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यात साठीला सोडणाऱ्यांनाही सरासरी ३ वर्षं जास्त मिळाली.

खवचट पेठकर: ३ वर्षं! तीही चिडचिड करत. ठेवा तुमच्याकडे.

निवांत काकू: चिडचिड साधारण महिनाभरात ओसरते. खोकला सुरुवातीला वाढतो खरा, कारण फुफ्फुसं साफसफाईला लागतात. आणि वर्षं सोडा, सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा धाप लावणारा जुनाट आजार, झाला तर गेलेली फुफ्फुसं परत येत नाहीत, फक्त घसरण मंदावते. दोन जिने चढता येणं आणि ऑक्सिजनचं मशीन उशाशी घेऊन झोपणं यात फरक आहे की नाही? घरातल्या नातवंडांच्या नाकात धूर जातो तो वेगळाच.

चहाबाज: काकूंचं बरोबर, पण रोज टोमणे मारून कोणी सोडत नाही, लपून ओढतात. ठरवायचं त्यांनीच. तयार झाले तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट. निकोटिनचं च्युइंगम मिळतं पण हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, दम्याची थिओफिलिन चालू असेल तरी सांगा, सिगरेट बंद झाली की तिचा डोस बदलावा लागू शकतो.

मिश्रीवाली सून: सिगरेटवर एवढं चाललंय, आमच्या सासूबाई दिवसातून चारदा मिश्री लावतात त्याला घरात कोणी व्यसनसुद्धा म्हणत नाही. तंबाखूच ना ती?

कोथरूडचा जावई: थिओफिलिनचं माहीत नव्हतं, ते सासऱ्यांच्या गोळ्यांत बघतो. पण सोडा म्हणायला मी जाणार नाही, बायकोने बोलावं.

खवचट पेठकर: शहाणा जावई.