मदत हवी आहे : बिननोंदणीचे छोटे धंदे नोंदणीत आणताना सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,

शिवणकाम, दुरुस्ती, मालवाहतूक असे छोटे धंदे करणाऱ्यांच्या एका गटाला मी हिशेब लिहायला मदत करते. सगळा व्यवहार रोखीत, नोंद कुठेच नाही. गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना एका मोठ्या ग्राहकाने कायमचं काम देऊ केलं होतं. त्याला पक्कं बिल आणि धंद्याच्या नावाचं बँक खातं हवं होतं. ताईंकडे होती एक वही, आणि तिच्यात दोरा, बटणं, मशीनची दुरुस्ती नि मुलीची फी एकाच पानावर. काम हातचं गेलं.

तेव्हापासून गटात नोंदणीचा विषय निघतोय, पण भीतीही तेवढीच आहे. एकदा नाव लागलं की नोटिसा सुरू होतील, मागच्या वर्षांचा कर मागतील, असं सगळ्यांना वाटतं. ही भीती मला खोटी वाटत नाही, म्हणून नुसतं 'नोंदणी करा' म्हणवत नाही.

श्रीलंकेतल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. तिथे माहिती देऊन आणि नोंदणी फुकट करूनही धंदेवाले पुढे आले नाहीत. साधारण दोन महिन्यांच्या नफ्याइतके पैसे देऊ केल्यावर जवळपास निम्म्यांनी नोंदणी केली. न करण्याचं सर्वांत मोठं कारण होतं जागेच्या मालकीची भानगड. पुढे सरासरी नफा वाढला, तोही मुख्यतः मोजक्याच धंद्यांमुळे.

मग आधी काय करावं? नावाची नोंदणी, खातं की कर क्रमांक? हाताखालच्या माणसांचं काय? कुणी हे जवळून केलं असेल तर सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, आधी वही वेगळी करा. घरखर्च एकीकडे, धंदा दुसरीकडे. काही महिन्यांचा स्वच्छ हिशेब हातात असला की कर खरंच लागू होतो का हे कळतं. बऱ्याच ठिकाणी ठरावीक उलाढालीखाली कर लागत नाही किंवा एकरकमी लागतो, आणि लोक उगाच घाबरून बसतात.

दुसरं, नावाची नोंदणी आणि कर क्रमांक या दोन गोष्टी तुमच्याकडे वेगळ्या आहेत का ते विचारा. आफ्रिकेतल्या मलावी देशात एका प्रयोगात त्या वेगळ्या ठेवून पाहिल्या, तर नावाची नोंदणी बहुतेकांनी घेतली, कराची फारच थोड्यांनी. पण नुसत्या प्रमाणपत्राने धंदा वाढला नाही. सोबत बँकेत नेऊन धंद्याचं खातं उघडून दिलं तेव्हा विक्री आणि नफ्यात फरक दिसला. म्हणून नोंदणी आणि खातं एकाच फेरीत करा, मध्ये खंड पडू देऊ नका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. हाताखालच्या माणसांचा प्रश्न मात्र मागे टाकू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2015 साली याच विषयावर शिफारस क्रमांक 204 स्वीकारली. धंद्यासोबत कामगारही संरक्षणात आले पाहिजेत, आणि हे होताना कुणाची रोजीरोटी जाता कामा नये, असं तिच्यात आहे.

ब्राझीलमध्ये एकट्याने धंदा करणाऱ्यांसाठी 2009 पासून सोपी व्यवस्था आहे. दरमहा एकच छोटी ठरलेली रक्कम भरायची, त्यातच निवृत्तिवेतन आणि आजारपणाचा हक्क येतो. लोक येतात ते अशा हक्कासाठी. पण काही मालकांनी पगारी माणसांनाच स्वतंत्र धंदेवाले दाखवलं, तेवढं लक्षात असू द्या.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. वह्या वेगळ्या करायला लगेच घेते. एक अडचण उरतेच. ताईंची खोली तोंडी भाड्याची आहे आणि मालक काही लिहून द्यायला तयार नाही. पत्त्याचा पुरावा म्हणून दुसरं काय चालतं? गटाचा सामाईक पत्ता देऊन कुणाची नोंदणी झाली आहे का?