पहिलंच स्वतःचं काम, तेही पूररेषेजवळ

रंकाळाकर:
बी.आर्क. म्हणजे आर्किटेक्टची डिग्री होऊन दीड वर्ष झालं, एका ऑफिसात टॉयलेट डिटेल आणि जिन्याचे सेक्शनच काढतोय. आता मामांच्या मित्राचं घर आलंय, अडीच गुंठे, पंचगंगेच्या बाजूला. २०१९ ला तिथं पाणी होतं, शेजारच्या भिंतीवर डाग अजून दिसतोय, माझ्या छातीएवढा. काकांना समोरून सगळी काच पाहिजे, फोटो दाखवतात मोबाईलवर. फी किती सांगू तेपण कळंना.

शाहूपुरी_ताई:
अरे आधी निळी रेषा आणि लाल रेषा बघून ये, निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्याची. प्लॉट निळीच्या आत असला तर नवीन घराची परवानगीच अवघड, मग काच काय न् कौलं काय! तो डाग टेपनं मोज, रस्त्यापासून, आणि काकांसमोरच मोज. मीटर, इन्व्हर्टर सगळं त्याच्या वर. खाली पार्किंग ठेव. काच पश्चिमेला नको, आपल्याकडचा पाऊस तिकडनंच मारतो, छज्जा दोन फूट तरी पाहिजेच.

जुना_मिस्त्री:
फी टप्प्यानं घे बाळा. स्केचला थोडी, परवानगीच्या नकाशाला थोडी, स्लॅबला थोडी. आणि ओळखीचं काम आहे म्हणून तोंडी ठेवू नकोस, मी तसंच दोनदा बुडालोय. सीओएचं, म्हणजे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं, रजिस्ट्रेशन झालंय ना?

रंकाळाकर:
हो झालंय. रविवारी टेप घेऊन जातो, काकांना पण बोलावलंय.